चाकं आहेत ती, लोणचं नाही

...नाही, पण मी म्हणतो, लोखंडाला गंज चढला तर त्यावर लिंबू काहून पिळायचं? तुम्हाला सांगतो, घरात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस मला एकेक मसाला सुचवून राहिला. बायको, आमची अर्चना, म्हणते, चिंच लावा, माझा पितळेचा गडू बघा कसा चमकतो. शेजारचा अनुपम म्हणतो, "भैया, कोल्ड ड्रिंक में डुबो दो, घंटे भर में चकाचक." कोणी मीठ म्हणतं, कोणी सिरका, म्हणजे व्हिनेगर... अरे बाप्पा, चाकं आहेत ती, लोणचं नाही!

चाकं म्हणजे आमच्या बाबांच्या गाडीची. गाडी म्हणजे स्कूटर नाही जी, रेल्वे. विजेवर चालणारी, इंजिन, डबे, रूळ, सगळं. खेळणं म्हटलेलं बाबांना चालायचं नाही. ते रांझीला कारखान्यात होते. एकदा कामानं कलकत्त्याला गेले, तिथून ही आणली, आणि गाडीत इतकी गर्दी की खोका मांडीवर. रेल्वेत बसून रेल्वे मांडीवर घेऊन आलेला दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. मग काय, रविवारी जेवणं झाली की क्वार्टरमधल्या खाटा बाहेर आणि रूळ आत. आई हातात भांडी घेऊन उभी राहायची, गाडी गेली की मगच स्वयंपाकघरात जायची. आणि इंजिन तापलं की एक वास सुटायचा, तेलाचा, जळकट, गोडसर... अजूनही बाबा म्हटलं की मला तोच वास येतो.

मागच्या वर्षी बाबा गेले. गाडी आमच्या माळ्यावर. आणि फुटायचा तर पाइप तिथलाच फुटला. पाणी काढलं, माळा वाळवला, खोका वरून सुकला म्हणून उघडला नाही. मग नागपूरहून प्रणोतीताईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा फोन. येऊन राहिली म्हणे, आणि आल्यावर बाबांची गाडी चालवायची. मी हो हो म्हणत खोका उघडला, तर चाकं लालभडक, गेरूत बुडवल्यासारखी. एक चाक फिरेल तर शपथ. आता ताईला काय सांगू, बाबांचं एवढंच राहिलं होतं, ते पण मी भिजवलं?

शेवटी सिरकाच आणला. मुकाट्यानं. डब्यांची चाकं काढून वाडग्यात बुडवली. इंजिनात मोटर, म्हणून त्याची चाकं नुसती फडक्यानं पुसत बसलो. मग जुना टूथब्रश, मग सोड्याचं पाणी, मग अर्चनाचा केस वाळवायचा ड्रायर. ती दारात उभी. म्हणाली, माझं डोकं दुखतं तेव्हा एवढं करत नाही तुम्ही. त्यात अनुपम वाडग्यात डोकावून विचारतो, "अचार डाला है क्या?" चाकं आहेत रे, लोणचं नाही... पण खरं सांगू? वास लोणच्याचाच येत होता.

पण निघाला हो गंज. खाली थोडे खड्डे राहिले, देवीचे वण राहावेत तसे, पण चाक फिरलं. मला इतका आनंद झाला की सगळ्या चाकांना वरून खालपर्यंत तेल चोपडलं.

ताई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही, गुडघे धरत सरळ फरशीवर बसली. मी बटण फिरवलं. इंजिन गुरगुरलं, चाकं जागच्या जागी गरगर फिरली, थांबली. मग काहीच नाही. ताईनं इंजिन उचललं, चाकावरून बोट फिरवलं.

"नरहर, चाकाला तेल लावत नाहीत रे. बाबा फक्त आसाला एक थेंब द्यायचे."

आणि पदरानं पुसायला लागली, एकेक चाक, मग रूळ. चांगली साडी, काळी झाली. तिचे डोळे भरले होते. मग गाडी ठेवली, बटण आपल्या हातात घेतलं, आणि... निघाली हो. खडखड करत, खड्ड्यांवर जरा उड्या मारत, पण निघाली. तो वाससुद्धा आला. आम्ही दोघं म्हातारे, फरशीवर, नुसते बघत.

मग ताईनं आपलं चष्म्याचं घर रुळाशेजारी ठेवलं. म्हणाली, हे आपल्या गावचं मदन महल स्टेशन. मी म्हटलं, ताई, बटण मला दे ना जरा.

"थांब," म्हणाली, "मदन महल येऊ दे."

आता तुम्हीच सांगा, गोल रूळ तो. मदन महल आलं, गेलं, परत आलं, परत गेलं... मी बसून आहे.