पोट साफ होतं, बाई

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरच्या मोठ्या सिस्टर, औषधं देणारे आमचे भाऊ, आज ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या डॉक्टरबाई, त्यांच्या खुर्चीवर आलेले तरुण डॉक्टरसाहेब, आणि समोर बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो. एका गुरूचे ते गुरुबंधू, तसे एकाच खिडकीतून गोळ्या घेणारे आपण सगळे गोळीबंधू.

आधी ख्यालीखुशाली. अध्यक्षसाहेब, गुडघा जिना चढू देतो ना आता? सिस्टर, खोकला गेला का, की दुसऱ्यांना काढे सांगून स्वतः तशाच? भाऊ, कंबर कशी आहे? दुसऱ्या रांगेतल्या मावशी, तुम्ही अंगानं भरलात, दृष्ट लागू नये. बाई, तुम्हाला विचारत नाही. तुमचा रुमाल भिजलाय तो दिसतोच आहे.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत. कापड बेतायला जुनी वर्तमानपत्रं लागतात; ती आधी वाचायची आणि मग कापायची, असं माझं शिक्षण. त्यामुळे माझं ज्ञान बाहीच्या आकाराचं आहे, मध्येच कापलेलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाई, आम्ही तुमच्या पाठीमागे तुम्हाला एक नाव ठेवलंय. जाताजाता सांगून टाकतो. ‘कितीदाबाई.’ हसा, हसा. पेशंट खुर्चीवर टेकला नाही तोच तुम्ही विचारता, कितीदा जाता? पातळ की घट्ट? नवे लोक लाजेनं भिंतीकडे बघतात. पण हा प्रश्न तुम्ही पहिल्यापासून विचारत नव्हता. तो माझ्यामुळे सुरू झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. लाजण्यासारखंच आहे.

तेव्हा बाई सगळे डॉक्टर विचारतात तसंच विचारायच्या, पोट साफ होतं ना? मी म्हणायचो, साफ होतं, बाई. आता सांगा, खोटं होतं का ते? पोटात काही राहतच नव्हतं, त्याहून साफ काय असणार? जुलाब लागले होते. दुकानातून उठून दिवसभर पळत होतो. मशीनवर अर्धी शिवण टाकून उठायचं, परत येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं. पण तोंडातून शब्द निघायचा ‘साफ’.

मंडळी, मला एचआयव्ही आहे, हे म्हणताना मान खाली गेली होती, पण जीभ चालली. त्याला निदान तीन अक्षरांचं इंग्रजी नाव तरी आहे. जुलाबाला तेवढाही आडोसा नाही. आधीच लोक आपल्याला घाण समजतात. त्यात आपण होऊन कुठे सांगायचं की घाण खरोखरच आवरत नाही?

वजन उतरत गेलं. विजारी ढगळ झाल्या, तर मी त्या घरच्या घरी आत घेत गेलो. शिंपी असल्याचा असा फायदा. रक्ताचा रिपोर्ट बिघडला. बाईंनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, गोळ्या चुकवता का म्हणून खोदून विचारलं. मी एकही चुकवली नव्हती. मग त्या म्हणाल्या, या गोळ्यांचा गुण संपलेला दिसतो, पुढच्या भारी गोळ्या सुरू करू. त्याही लागू पडल्या नाहीत तर पुढे फारसं काही हातात नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मी मान डोलावली. मरण चालेल, पण तो शब्द नको. इतकी माझी अक्कल.

त्या दिवशी सून बरोबर आली होती. उठता उठता बाईंनी सवयीनं विचारलं, आणि मी सवयीनं म्हणालो, साफ होतं.

सून दारात उभी होती. ती म्हणाली, “बाई, आबांना लाज वाटते. पण चादरी मी धुते.”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी खिडकीबाहेरच्या सायकली बघत बसलो. बाईंनी भारी गोळ्यांचा कागद फाडला आणि माझ्यापुढे एक डबी ठेवली. उद्या नमुना आणा म्हणाल्या.

पहिल्या तपासात काही सापडलं नाही. बाई म्हणाल्या, पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा दिसतो का? मग खास रंग लावून पुन्हा पाहिलं. मलाही यंत्रातून दाखवलं. गुलाबी, लांबट, थेट सुईच्या नेढ्यासारखे. धडधाकट माणसाच्या आतड्यातून असले जंतू थोड्या दिवसांत निघून जातात. आपल्यासारख्याची ताकद खचली की मात्र ते बिऱ्हाड थाटतात, आणि मग ना अन्न अंगी लागत, ना गोळी. गुण माझ्या गोळ्यांचा संपला नव्हता. त्या अंगी लागायच्या आतच बाहेर पडत होत्या. सल्फाच्या साध्या गोळ्यांनी बिऱ्हाड उठलं. पाणी उकळून प्यायला लागलो. आत घेतलेल्या विजारी पुन्हा उसवाव्या लागल्या.

आता इथेच थांबून हार घातला असता, तर भाषण चांगलं झालं असतं. पण मी बोलायची परवानगी मागितली ती वेगळ्या कारणासाठी.

काल मी नव्या डॉक्टरसाहेबांसमोर बसलो. त्यांनी फार आपुलकीनं विचारलं, काका, पोट साफ आहे ना? आणि मी, या वयाचा, सगळं भोगून बसलेला माणूस, म्हणालो, साफ आहे.

चार दिवस झाले, पहाटे उठून माझी चादर मीच धुतोय. सून विचारते, आबा, हे काय नवीन? मी म्हणतो, व्यायाम. आज ती मागे बसली आहे. सूनबाई, तुझ्याकडे बघायचं मला धाडस होत नाही.

बाई, तुम्ही नोकरी संपवून लेकीच्या गावी निघालात म्हणून वाटलं, आता सांगायचं कुणाला? एका माणसापुढे मोडलेली लाज दुसऱ्यापुढे पुन्हा उभी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. इथे बसलेल्यांत असे आणखी कोण आहेत, मी विचारणार नाही. ज्याचं त्याला माहीत.

डॉक्टरसाहेब, काल मी खोटं बोललो. दिवसातून सहा-सात वेळा. पातळ. उद्या सकाळी डबी घेऊन येतो. आणि पेशंटला ‘साफ’ विचारू नका. कितीदा, ते विचारा. पेशंट भिंतीकडे बघेल, बघू द्या.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द थिटे आहेत. कापड असतं तर जोड दिला असता. सभेत बोलू नये ते बोललो, कुणाला किळस आली असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. लेकीकडे सुखरूप पोचा. डबीतून काय निघालं ते मी पत्रानं कळवतो, काही न झाकता. तुम्हीही उत्तर लवकर पाठवा.