नोहाची बायको

पनवेलला सिनेमा सुटला. कामोठ्याच्या रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको होते. नोहाच्या जलप्रलयाचा तो सिनेमा पाहून नवरा चांगलाच तापला होता.

"बायबलमध्ये नोहाच्या बायकोला नावसुद्धा नाही. ह्यांनी नाव दिलं, वर दोन गाणी!"

"आणि त्याच्या पोरांना?"

"त्यांना आहेत की. शेम, हाम, याफेथ."

"मग वर्षभर तारवात हत्तीची लीद कोण काढत होतं?"

"असलं काही शास्त्रात नसतं गं."

"आपल्या दारावरची पाटी आठवा. वर दानिएल गायकवाड, खाली आपली पोरं, रूबेन आणि अमोस."

"बरं, मग?"

"त्याखाली, कुत्र्यापासून सावध."

"अगं, पाटीवर जागाच नव्हती!"

"कुत्रा मावला ना?"