तुलनेच्या शेताची चिठ्ठी

वाई पोलीस ठाणे, दि. ९ डिसेंबर १९६६, सकाळी ११ वाजता.

मी लालासाहेब सयाजी पिसाळ, वय ४४ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे खडकवळ, ता. वाई, जि. सातारा. आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगतो की, मला पावणेदोन एकर जिरायत आहे. बांधाला बांध लागून चुलतभाऊ जोतिबा अर्जुना पिसाळ याचे तेवढेच रान आहे. आजोबांनी वाटणी केली तेव्हा माती आणि उतार दोन्हीकडे सारखाच आला. जोतिबाचे रान माझ्यापेक्षा सरस नाही, एवढे आधी लिहून घ्यावे.

गेल्या मे महिन्यात कृष्णाकाठ ग्रामसेवा मंडळाचे लोक गावात आले. लहान शेतकऱ्याला हायब्रीड ज्वारीचे बी आणि खत फुकट दिले तर पीक किती वाढते, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी प्रत्येक गावात सारख्या रानांची एक जोडी धरायची, एकाला द्यायचे, दुसऱ्याला नाही. फरक दिसला तर पुढल्या साली पहिला मान दुसऱ्याचा, मग साऱ्या गावाला वाटप, असे त्यांनी चावडीत सांगितले. आमच्या गावी आमची जोडी निघाली. गावातल्याच राहीबाईने चिठ्ठी उचलली. नाव जोतिबाचे आले.

त्याच्या बांधावर 'सुधारित शेत' अशी पाटी लागली आणि माझ्या बांधावर 'तुलनेचे शेत'. बाजाराला जाणारे लोक मला 'काय तुलना, बरं हाय का' असे विचारू लागले. मंडळाचे लोक चहाला त्याच्याकडे जात. फोटो त्याच्या रानाचा निघाला, त्यात कडेला माझा बैल आला आहे. माझ्या बायकोनेही त्याच्या कणसांचे कौतुक केले. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दि. २ नोव्हेंबर रोजी दोन्ही रानांत तेहतीस फुटांचा चौकोन आखून तेवढेच पीक कापले व मळले. दाणे दोन पोत्यांत भरून चावडीत ठेवले. पोती मीच शिवली, कारण माझी शिवण उसवत नाही असे गावात म्हणतात. पोत्याला नावाची चिठ्ठी टाचली होती. पक्षपात नको म्हणून कापणारा वेगळा आणि तोलणारा वेगळा, असा मंडळाचा नियम आहे. कापणारे कार्यकर्ते दुसऱ्या दिवशी सांगलीकडे गेले.

दि. ४ रोजी दुपारी तीनच्या सुमारास सारा गाव जोतिबाच्या खळ्यावर रास बघायला गेला होता. चावडीत कोणी नव्हते. दाभण माझ्या पटक्यात होते. मी दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि माझी त्याच्या पोत्याला, त्याची माझ्या पोत्याला टाचली. मला कोणी सांगितले नव्हते. मला त्याचे बघवत नव्हते.

दि. ११ रोजी मंडळाचे तोलणारे आठल्येसाहेब काटा घेऊन आले. माझ्या नावाचे पोते पंचवीस किलो भरले, जोतिबाच्या नावाचे दहा. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मला फार बरे वाटले, हे खोटे सांगत नाही. जोतिबा म्हणाला, "सायेब, ह्ये माजं पोतं न्हाई." साहेब म्हणाले, चिठ्ठी तुमचीच आहे. जोतिबाने माझ्याकडे पाहिले. मी काट्याकडे पाहिले.

पोती ज्याच्या त्याच्या नावाने परत मिळाली. बायको म्हणाली, "दाणा आपला न्हाई वाटत." मी तिला दळायला लावले. त्या ज्वारीच्या भाकरीला चव नाही, हे नमूद करावे. मी तीन खाल्ल्या. जोतिबाने ठाण्यात तक्रार दिली, त्यावर दि. १४ रोजी मी 'मला काही माहीत नाही' असा जबाब दिला. तो खोटा आहे.

दि. ५ डिसेंबर रोजी मंडळाचे पत्र चावडीत वाचले. नव्या बियाण्याने उत्पन्न घटते असे दिसल्याने खडकवळचे काम बंद, बियाणे कोणालाच नाही. ते बी घरचे धरून चालत नाही, दरसाल नवे लागते. मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो राहीबाईच्या अर्ध्या एकरावरही पडला.

बाहेर आल्यावर जोतिबा मला एवढेच म्हणाला, "माजं एक साल पिकलं रं लाला. पुढलं तुजं व्हतं."

म्हणून आज आलो. पोत्यांतले दाणे पोटात गेले, खळ्यावरची रास मंडळ धरत नाही, आता माझ्या तोंडाखेरीज पुरावा नाही. या जबाबाची नक्कल मंडळाला पाठवावी. जमादारसाहेबांनी विचारले की जास्त पीक कोणाचे. मी सांगितले, जोतिबाचे. कितीने, असे विचारल्यावर मी 'बऱ्यापैकी' असे लिहायला सांगितले. त्यांनी आकडा मागितला. अडीचपट.

जबाब हळू वाचावा अशी मी विनंती केली, परंतु तो मोठ्याने वाचण्याचा रिवाज आहे. जोतिबा बाहेर बाकावर बसला आहे, त्याला सगळे ऐकू गेले. मी सांगितले तसेच लिहिले आहे. 'अडीचपट' हा शब्द खोडू का, असे जमादारसाहेबांनी विचारले. राहू द्या म्हणालो.

सही, लालासाहेब सयाजी पिसाळ