साहेबाची क्यूबन सिगार

तंबाखू मी का सोडली, विचारतोस? ऐक. सौदीत तेलाचा पैसा नुसता वाहत होता तेव्हा मी अबकैकला वेल्डर होतो. माझे सगळे जॉइंट एक्स-रेला पास झाले, म्हणून गोऱ्या साहेबानं खूश होऊन मला मशीनवर वळलेली क्यूबन सिगार दिली आणि तो काडेपेटी आणायला जीपकडे गेला. परत आला तोवर मी ती तळहातावर चुरून, चुना लावून, मळून दाढेखाली धरलेली!

साहेब पेटती काडी घेऊन उभा. मी ओशाळून उरलेली चिमूट पुढे केली. "घ्या ना, साहेब."

तो काहीतरी पुटपुटला. आमचा रत्नागिरीचा फोरमन मला म्हणाला, "अरे मेल्या, ही सिगार आता बनतच नाही. त्याच्याकडची शेवटची होती."

आता थुंकणार कुठल्या तोंडानं? गिळली.