उन्हावर चालणारी पट्टी

जबाब देणार : नाव पहिल्या पानावर लिहून दिल्याप्रमाणे, वय ४३ वर्षे, व्यवसाय संशोधक, राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी वडिलांसोबत राहत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मी तिथला तयार नमुना चोरल्याची तक्रार दिली आहे. नमुना मी घरी नेला हे खरं आहे. तो मीच बनवला होता.

नमुना म्हणजे दंडावर बांधायची पट्टी. तिच्यावर उन्हातून वीज तयार करणारा पातळ थर असतो. आधी रबर ताणून धरायचं, त्यावर थर चिकटवायचा आणि रबर हळूच सोडायचं. थराला चुण्या पडतात, मग हात कसाही वळवला तरी तो तुटत नाही. माझे वडील शिंपीकाम करायचे. हे पाहून म्हणाले होते, "एवढी शिकलीस आणि शेवटी इलॅस्टिकच लावत बसलीस होय!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगत. तेव्हा त्यांचा हात चालत होता. पट्टीचं अस्तर त्यांनीच शिवून दिलं.

पुढे वडिलांना घरचा रस्ता आठवेनासा झाला. ते कुठे आहेत हे माझ्या फोनवर दाखवणारं बाजारातलं यंत्र त्यांच्या गळ्यात असे. ते रोज चार्ज करावं लागे आणि मी कामाच्या नादात विसरायची. आमच्या पट्टीत तीच सोय होती, आणि चार्जिंगची कटकट नव्हती. प्रमुखांनी ती पैसेवाल्या पाहुण्यांना दाखवली, त्यानंतर मी ती घरी आणली. आठवडाभर बिनचूक चालली. मग गळ्यातलं यंत्र काढून मी कपाटात टाकलं. माझ्या हातच्या कामावर माझा विश्वास होता.

मंगळवारी सकाळी मी कामावर गेल्यावर वडील खाली उतरले. फोनवर शेवटची जागा आमच्याच इमारतीची दिसत होती, म्हणून ते घरीच आहेत असं मी धरून चालले. संध्याकाळी आले तर दार सताड उघडं.

ते बस आगाराच्या मागच्या भिंतीशी बेशुद्ध पडलेले सापडले. तिथे सावली नाही. पट्टीचा हात वरच्या बाजूला होता, तिच्यावर दुपारभर ऊन पडलं असणार. पट्टी बंद होती. दुसऱ्या दिवशी वडील रुग्णालयात वारले.

पट्टी मी घरी उघडून पाहिली. अस्तराची एक बाजू उसवून परत चिकटवलेली होती. वडिलांनी कधी काही चिकटवलं नाही. आत, मऊ थराला कडक तार जोडतो तिथे, थर तडकला होता. ताणल्या जाणाऱ्या वस्तू तिथेच दगा देतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. शेजारी घड्याळात घालतात तसली बॅटरी बसवलेली होती. ती संपली होती.

आमच्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तडा गेला. साहेब म्हणाले, बॅटरी घालून वेळ मारून ने. तिला सांगू नकोस, ती कार्यक्रमच रद्द करायला लावेल."

मी लावला असता.

प्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "झालं ते फार वाईट झालं, पण तुम्ही न विचारता न्यायला नको होती." तक्रार त्यांनी त्यानंतर दिली. त्यांनी माझ्या वडिलांना मारलं असं कायद्यात बसत नसेल. माझ्या मनात तसंच आहे. हवालदारांनी विचारलं, "बाई, हे नक्की लिहू का?" मी लिहा म्हटलं.

पट्टी सोबत आणली आहे. रबर आणि थर माझ्या हातचा, शिवण वडिलांची. बॅटरी तेवढी प्रमुखांची आहे. ती त्यांना सही घेऊन परत करावी.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, त्यात मला काही बदलायचं नाही.