दुखवट्याची मतं

...आणि वर शेजारची मालुबाई मलाच म्हणती, "पोरगी हरली तर हरू दे की रं, घरी तर येईल!" घरी येईल? तुम्हाला सांगतो, त्याचंच तर भ्या वाटतंय मला! माझी बहीण तेजस्वी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत गेलीया मुंबईला, तिथं आत घेतलं की फोन काढून घेतात. आणि हिकडं निपाणीत आमची आई गेली... गेलीच. जाताना म्हणाली, "तेजूला फायनल होईस्तोवर सांगू नका." आता ही मधनंच परत येऊन दारात उभी राहिली, "आई कुठाय रं?" म्हणाली, तर मी काय सांगू? न्हाय न्हाय, तेजू आतच राहायला पाहिजे!

पण आत राहायला लोकांची फोनवरनं मतं पडाय पाहिजेत! बाप्ये तर देतच न्हाईत! गल्लीतला गुंडूअण्णा मिशीला पीळ देऊन म्हणतो, "आम्ही मत फक्त आमदारकीला देतो." टीव्हीपुढं बसतात बायका, मतं देतात बायका, आणि देतात कुणाला? स्पर्धेतल्या त्या सदलग्याच्या पोरग्याला! गालाला खळी पडती न्हवं त्याच्या! मालुबाई म्हणती, "अगदी माझ्या लेकासारखा, सौरवसारखा दिसतोय बघ, उपाशी वाटतोय." उपाशी हाय म्हणून मत? आणि तेजू? "ती लई धीट हाय, तिला कशाला लागतंय?"

डोस्कं फिरलं माझं! घरात सुतक, चूल बंद, बायका दुखवट्याला भाकरी-पिठलं घेऊन यायच्या... मी दारातच आडवा! "काकू, आधी फोन काढा, तेजूला मत द्या, मग आत जाऊन रडा!" काकतीची मावशी अर्धा हंबरडा फोडून थांबली, "बटण कुठलं रं?" दाबलं, आणि उरलेला फोडला! बटणं दाखवण्यात बरं होतं ओ... आईच्या फोटोकडं बघावं लागत नव्हतं. आणि तेजू आतच राहायला पाहिजे! मग बायकाच पेटल्या, "बिनआईची पोर हाय गं" म्हणत गल्लोगल्ली फिरल्या, नवऱ्यांचे फोन काढून घेतले, गुंडूअण्णाचासुद्धा!

काल निकाल लागला. खळीवाला बाहेर, तेजू आत! जरा कुठं श्वास घेतोय, तर टीव्हीवाल्या मॅडमचा फोन. "अभिनंदन दादा! बायकांची एवढी मतं आजवर कुठल्याच मुलीला पडली नव्हती! म्हणून पुढचा भाग आम्ही खास आयांसाठी ठेवलाय. तेजस्वीच्या आईंना स्टेजवर आणायचंय, गाडी पाठवतो. फक्त एक करा, तिला यातलं काही कळू देऊ नका हं!"

मी म्हटलं, "न्हाय मॅडम... तेवढं जमतंय आम्हाला."