तिसऱ्या खांबाचे दोन फोटो

(सभागृहाच्या मागची प्रोजेक्टरची खोली. काचेतून खालच्या रिकाम्या खुर्च्या आणि पडदा दिसतो. सभेला अर्धा तास आहे.)

धाकटा : पुन्हा चौकोनच! मावशी, एकदा बंद करून चालू करून बघा ना.

मावशी : तीनदा केलं. चौथ्यांदा केलं तर मशीन अंगावर धावून येईल माझ्या. अहो इंजिनीअर, बंद-चालू करून जाणारं दुखणं नाही हे. तुमच्या फाइलीतला फॉन्ट माझ्या मशीनला माहीतच नाही. मग अक्षराच्या जागी चौकोन मांडलेत आणि झालं मोकळं.

धाकटा : मग टाका तो फॉन्ट.

मावशी : टाकायला पासवर्ड लागतो. पासवर्ड कॉम्प्युटरवाल्या साहेबांकडे. साहेब रजेवर, फोन बंद. झालं समाधान?

धाकटा : अहो, साडेअकराला नऊ माणसं येऊन बसणार समोर! उद्या सकाळपासून पुलावर ट्रक सोडायचे की नाही, ते ठरणार आज. त्यांना मी काय चौकोन वाचून दाखवू?

मावशी : आधी बसा बघू. तुम्ही अशा येरझारा घातल्यात की माझी बोटं चुकतात. आणि या लाल फुल्या कसल्या मारल्यात जागोजागी?

धाकटा : फुल्या? अरे देवा! तिथं फोटो होते! काल घरी सगळे दिसत होते.

मावशी : घरी दिसणारच. फोटो घरीच राहिलेत तुमचे. कोणी बनवलं हे?

धाकटा : दादानं. माझा थोरला भाऊ. आमचं दोघांचंच ऑफिस आहे, पुलांची तपासणी करतो. पुलाखाली दोराला लटकायचं मी आणि कागद करायचे त्यानं. थांबा, लावतो त्याला... हॅलो, दादा? स्पीकरवर आहेस. फाइलीत फोटोच नाहीत!

दादा : नसणारच. फोटो फाइलीत कोंबायचे नसतात, फाइल जड होते. मी नुसता पत्ता देतो, अमुक फोल्डरमधला अमुक फोटो उचल म्हणून. फोल्डरमध्ये फोटो बदलला की स्लाइडवर आपोआप बदलतो. पंधरा वर्षं असंच करतोय मी.

धाकटा : अरे पण फोल्डर तुझ्याकडे आणि मी इथं!

दादा : मग फोल्डर न्यायचं होतंस. फाइल घे म्हटलं तर नुसती फाइल घेतलीस. सांगितलं तेवढंच करायचं, लहानपणापासूनची खोड तुझी.

मावशी : अहो थोरले, नमस्कार. प्रोजेक्टर मी चालवते. भांडण सभेनंतर करा, तेव्हा मीही येईन ऐकायला. आत्ता ते फोटो याच फोनवर पाठवा. सगळे नकोत, पडद्यावर जायचे तेवढेच.

दादा : नमस्कार, बाई. मुख्य फोटो दोनच आहेत. तिसऱ्या खांबाची भेग. डावीकडं चार महिन्यांपूर्वीची, उजवीकडं परवाची. बाकी सगळी भरताड आहे.

मावशी : मग भरताड राहू दे. आणि हा तुमचा फॉन्ट कुठला हो एवढा सोवळा?

दादा : सोवळा नाही, सुंदर आहे. छापखान्यातल्या मित्रानं दिलाय. त्याची वेलांटी बघा एकदा.

मावशी : बघितली असती हो, चौकोनाला वेलांटी असती तर. इंजिनीअर, छापील अहवाल आहे ना तुमच्या पिशवीत? त्यातून ओळी वाचा, मी नव्यानं टाइप करते. अठरा वर्षं टायपिस्ट होते मी, घाबरू नका. माझा नियम एकच. मागच्या रांगेला दिसलं नाही, तर ते नाहीच.

दादा : हुं. मागच्या रांगेत पेंगणारेच बसतात.

धाकटा : फोटो आला, दादा. लावा, मावशी. अहो... भेग कुठं गेली?

मावशी : मलाही नुसता करडा लगदा दिसतोय.

धाकटा : अशी कशी जाईल? दोन मिलिमीटरची भेग आहे, मी माझ्या बोटानं चाचपलीय! दादा, काय पाठवलंस तू?

दादा : जे आहे ते पाठवलं. माझ्याकडे लख्ख दिसतेय.

मावशी : फोननं मध्येच पिळून काढलाय फोटो. लवकर जावा म्हणून बारीक करतो तो. माणसाच्या चेहऱ्याला चालतं, वर दोन सुरकुत्या कमी दिसतात. भेगेचं काय होणार? थोरले, फोटो म्हणून नका पाठवू, फाइल म्हणून पाठवा. खाली कागदाचं चिन्ह असेल बघा.

दादा : कागदाचं... हां. सापडलं. याला वेळ लागतोय.

धाकटा : वीस मिनिटं राहिली! खाली दोघं जण येऊन बसलेसुद्धा. तो टक्कलवाला म्हणजे वाहतूकवाला, त्याला ट्रक सोडायची भारी घाई आहे. मागच्या वेळी मला म्हणाला, सिमेंटला तडे जाणारच, बाळंतपणानंतर पोटाला पडतात तसे.

मावशी : त्याला काय ठाऊक बाळंतपण! वाचा पुढची ओळ.

धाकटा : 'भेग स्थिर नसून वाढत आहे. चार महिन्यांपूर्वी अर्धा मिलिमीटर, आज दोन मिलिमीटर. अवजड वाहने सोडू नयेत.' झालं? बस, एवढ्यावर सगळं आहे, मावशी. नुसती भेग दाखवली तर कोणी ऐकणार नाही. वाढतेय हे दाखवलं तरच ऐकतील.

दादा : दोन्ही गेले बघ.

मावशी : आले दोन्ही. आधी उजवीकडचा. आता कशी, केस मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ! पण उजवी कड पडद्याबाहेर चाललीय.

धाकटा : तिथंच पट्टी आहे! भेगेशेजारी स्टीलची पट्टी धरून फोटो काढतो आम्ही. पट्टी कापली तर भेग किती रुंद ते कळणार कसं?

मावशी : ओरडू नका हो कानात. तुमची स्लाइड लांबट आणि माझा पडदा जुना, चौकोनी. स्लाइडचा आकार बदलते. हे बघा, बसली. पट्टी आली, आकडे आले. आता डावीकडचा, जुना. हा पण लागला. हं... इंजिनीअर, एक विचारू?

धाकटा : विचारा, पण टाइप करता करता विचारा.

मावशी : या जुन्या फोटोत पट्टीच्या वर एक वाळकं पान चिकटलंय. नव्या फोटोतही तिथंच चिकटलंय. देठसुद्धा त्याच बाजूला वाकलेला. चार महिने ते पान तिथं तपाला बसलं होतं का?

धाकटा : कुठं? ... दादा. दोन्ही फोटो एकच आहेत.

दादा : कसे असतील?

धाकटा : पट्टीवर माझाच अंगठा आहे दोन्हीकडं! चार महिन्यांपूर्वी मी पाय मोडून घरी पडलो होतो. तेव्हा खाली तू उतरला होतास. तुझा अंगठा कुठाय?

दादा : बघतो... नावं तीच दिली असशील तू. मी फोटोला खांबाचं नाव देतो. 'खांब तीन'. तू परवाचा पण 'खांब तीन' म्हणूनच टाकलास फोल्डरमध्ये. नवा जुन्यावर बसला. दोन्ही स्लाइडा तोच उचलतायत.

धाकटा : म्हणजे जुना गेला?

दादा : गेला.

धाकटा : गेला काय! इतकं शांतपणे सांगतोस? कॅमेऱ्यात असेल ना?

दादा : कार्ड पुसलं मी.

धाकटा : माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि हा बघा, कार्ड पुसलं म्हणे! आता मी काय सांगू त्यांना? माझ्यावर विश्वास ठेवा, भेग पूर्वी बारीक होती? दादा, भेगेच्या टोकाला तू लाल पेन्सिलीनं खूण करून तारीख घालतोस ना, दर वेळी? परवा तीही नव्हती तिथं. मला वाटलं धुऊन गेली असेल.

दादा : असेल धुऊन गेली.

मावशी : थोरले, तुम्ही उंच आहात का हो? बारीक खोकता बोलताना, आणि जाताना माझ्या रिमोटमधल्या बॅटऱ्या खिशात घालून गेलात?

दादा : ... त्या चुकून आल्या होत्या माझ्याबरोबर.

मावशी : मग तुम्हीच ते. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत आला होतात. चाळीस स्लाइडा, आणि खाली सगळे जांभया देत होते. तुम्ही पेन ड्राइव्ह दिला होतात, मी अख्खं फोल्डर मशीनवर उतरवून घेतलं होतं.

धाकटा : मावशी! आहे ते अजून?

मावशी : मला पुसायला सांगतात दर महिन्याला. मी हो म्हणते आणि पुसत नाही. पुसलं की दुसऱ्याच दिवशी माणूस दारात उभा राहतो, मावशी जरा बघता का म्हणून. थांबा... पूल... पूल... हे बघा. 'खांब तीन'.

धाकटा : मावशी, तुमच्या पायावर डोकं ठेवू का?

मावशी : नको, वायरी आहेत खाली. हा बघा थोरल्यांचा अंगठा. भेग केसाएवढी. आणि ती जुनी स्लाइडच तयार आहे, तारखेसकट, हीच उचलून नव्याशेजारी लावते. फोटोखाली एक ओळ आहे, तिचे मात्र चौकोनच झालेत; तेव्हा साहेबांनी फॉन्ट टाकून दिला असेल, मग मशीन साफ करताना उडाला. थोरले, काय लिहिलं होतंत?

दादा : ती स्लाइड नको.

धाकटा : नको म्हणजे? तीच तर हवी!

दादा : नुसता फोटो घ्या. ओळ काढून टाका.

धाकटा : तसं नाही चालणार. जुन्या अहवालातली स्लाइड आहे तशी दाखवायला हवी, नाहीतर टक्कलवाला म्हणेल, फोटो कुठला कशावरून. दादा, काय लिहिलंयस तिथं?

दादा : आठवत नाही.

धाकटा : तुला आठवत नाही? शाळेतले माझे नापासाचे मार्क तुला अजून पाठ आहेत!

दादा : 'किरकोळ भेग. धोका नाही. खूण करण्याची गरज नाही.' झालं समाधान?

धाकटा : तू असं लिहिलंस?

दादा : संध्याकाळ झाली होती. पाठ धरली होती माझी. मला खाली उतरायचं होतं रे. किरकोळ म्हणालो आणि उतरलो.

धाकटा : आणि फोटो? तो खरंच चुकून गेला?

दादा : चुकूनच गेला. तुझी शपथ. पण काल स्लाइड लावताना मला कळलं होतं तो गेलाय ते. आणि मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. तुला फोन करायला हवा होता, नाही केला.

धाकटा : रात्रभर माहीत होतं तुला? आणि मला पाठवलंस इथं?

दादा : वाटलं, नुसत्या नव्या फोटोवर भागेल.

धाकटा : भागलं नसतं, दादा! उद्या ट्रक गेले असते त्याच्यावरून! माणसं असतात त्यात!

दादा : माहीत आहे.

मावशी : दहा मिनिटं राहिली. खाली सहा जण आलेत. काय करायचं ते ठरवा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चौकोनांत काय आहे ते आपल्या तिघांनाच माहीत.

धाकटा : ... राहू द्या चौकोन.

मावशी : नक्की?

धाकटा : फोटो आहे, तारीख आहे, पट्टी आहे. भेग वाढली ते दिसतंय. ओळीबद्दल विचारलं तर फॉन्टचा घोळ म्हणेन. खोटं थोडंच आहे? त्यानं मला शिकवलंय हे काम, मावशी. दोराला गाठ कशी मारायची इथपासून. त्याचं नाव असं पडद्यावर मी नाही लावणार. ऑफिसची पाटी उतरवावी लागेल उद्या.

दादा : अरे गाढवा.

धाकटा : तू गप्प बस आता.

दादा : तूच गप्प बस आणि ऐक. त्यांच्याकडे जुन्या अहवालाची छापील प्रत आहे. त्यात फोटो नाहीत, पण ही ओळ आहे. आज ना उद्या कोणीतरी उघडेल. मग म्हणतील, यांनी ओळ लपवली, तर फोटोचं तरी काय खरं? आणि टक्कलवाला सोडेल ट्रक. माझं नाव राखायला निघालास आणि पूल घालवून बसशील.

धाकटा : आणि तुझं काय होईल?

दादा : व्हायचं ते होईल. मला भीती वाटतेय, नाही कशाला म्हणू? पण चार महिन्यांत चौपट झालेल्या भेगेला तुझा थोरला भाऊ किरकोळ म्हणाला होता, हे कळलं ना, की घाबरतील ते. घाबरायलाच हवेत. बाई, आहात ना?

मावशी : आहे. बोला.

दादा : चौकोन काढा. मी सांगतो तसं घाला. 'किरकोळ भेग. धोका नाही. खूण करण्याची गरज नाही.'

मावशी : घातलं.

दादा : खाली तपासणाऱ्याचं नाव होतं. तेही चौकोनांत गेलं असेल.

मावशी : गेलंय.

दादा : ते घाला. पूर्ण घाला, आडनावासकट. हा सांगेल तुम्हाला, त्याचंही तेच आहे.

धाकटा : दादा, फोन ठेवू नकोस. मी खाली घेऊन जातो तुला, खिशात.

दादा : नाही ठेवत.

मावशी : थोरले, नाव केवढ्या अक्षरात घेऊ? खाली कोपऱ्यात बारीक बसेल.

दादा : बारीक नको, बाई. मागच्या रांगेला दिसलं पाहिजे.